तबेल्यातल्या शंका : लाल दिवा आणि घोड्याचा पाय

मागच्या अंकात शर्यतीच्या घोड्यांच्या देखभालीवर लिहिताना मी एका ओळीत म्हटलं होतं, की हल्ली बड्या तबेल्यांत घोड्यांच्या पायांना लाल उजेडाचे पट्टे गुंडाळलेले दिसतात. बाकीचा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती त्या एका ओळीवर. म्हणून यावेळचं सदर त्यालाच देते. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा माथेरानला घोडा आहे. दस्तुरी नाक्यावरून बाजारपेठेत आणि पॉइंटांवर सवारी करतो. दिवाळीच्या गर्दीत त्याचा पुढचा उजवा पाय नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागे सुजला. दोन दिवस बांधून ठेवला, लंगडणं बरंच कमी झालं. सवारीला आलेले एक साहेब म्हणाले, परदेशात लाल दिव्याचा पट्टा बांधतात, आठवड्यात शीर बरी होते. किंमत ऐकून छाती दडपली, पण मे महिना हातचा जायला नको म्हणून उसनवारी करायची तयारी आहे. घेऊ का?

उत्तर : दादा, आत्ता घेऊ नका. उसने काढायचेच असतील तर ते आधी पायाच्या सोनोग्राफीसाठी काढा.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाडं, सांधे आणि नळीच्या मागून खाली उतरणाऱ्या कंडरा, ज्यांना आपण सगळेच शीर म्हणतो. त्यातली सगळ्यांत बाहेरची कंडरा घोडा भरधाव पळतो तेव्हा तुटायच्या बेताला येईपर्यंत ताणली जाते आणि तिच्या गाभ्याचं तापमान 45 अंशांपर्यंत चढतं. रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा. त्यामुळे ती दुखावते पटकन आणि भरते अगदी सावकाश. तुमचा घोडा शर्यत पळत नाही हे खरं, पण पाठीवर माणूस घेऊन दिवसभर चढ-उतार, पावसाने माती धुऊन उघडे पडलेले दगड, जिथे ब्लॉक बसवलेत तिथे नालेची घसरण आणि दिवाळीत दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी प्यायलासुद्धा उसंत नाही. शीर जायला एवढं पुरतं.

आज एक करा. दुखरा पाय उचलून गुडघ्यात वाकवून धरा, म्हणजे शिरेवरचा ताण सुटेल. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत शीर धरून गुडघ्याखालून मुठ्ठ्याच्या (खुराच्या वरच्या) सांध्यापर्यंत हळूहळू उतरा. कुठे ऊब लागते, कुठे शिरेची कड हाताला लागेनाशी होते, कुठे दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो ते पाहा. लगेच दुसऱ्या पायावर तेच करा. दोन पायांतला फरक तुमच्या बोटांना कळेल, तुम्ही रोज खरारा करणारी माणसं आहात. पण आत किती तंतू तुटलेत हे बोटांना कळत नाही आणि मलाही हात लावून सांगता येणार नाही. त्याला सोनोग्राफीच लागते. परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. घोडा डोंगरावरून खाली उतरवून टेम्पोत घालायचा नसेल तर हातात धरायचं यंत्र घेऊन येणारे घोड्यांचे डॉक्टर मुंबई-पुण्यात आहेत. चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर खर्च वाटला जातो.

लंगडणं दोन दिवसांत कमी झालं यावर भरवसा ठेवू नका. सूज ओसरली की दुखणं कमी होतं, म्हणून घोडा पाय टेकतो. तुटलेले तंतू तसेच असतात. त्यांच्या जागी नवे तंतू येतात ते आधी वेडेवाकडे, मग मोजक्या हालचालीने, महिन्यांमागून महिने गेल्यावर सरळ रेषेत लागतात, आणि तरीही मूळच्या शिरेइतकी लवचीक ती जागा कधीच होत नाही. नुसता ताण असेल तर दोन-तीन महिने, तंतू तुटले असतील तर नऊ ते बारा महिने. आठवड्यात शीर भरणारा दिवा अजून कुणी बनवलेला नाही.

आता दिव्याबद्दल. 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि 810 ते 850 च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड पेशींत शोषला जातो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे जे भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया, तिथलं एक विकर (एन्झाइम) तो शोषतं आणि पेशीचं काम काही काळ जोरात चालतं, अशी आजची उपपत्ती आहे. लाल उजेड काही मिलिमीटर आत जातो, अवरक्त त्याहून खोल, पण वाटेत केस आणि कातडीच त्यातला मोठा हिस्सा गिळून टाकतात. तुमच्या घोड्याची दुखावलेली शीर कातडीला लागूनच आहे, त्यामुळे तिथे थोडा उजेड पोचतो हे मी मान्य करते. शिरेच्या दुखापतीवर लेझर वापरून घोडे पुन्हा कामाला लागल्याच्या नोंदीही आहेत. फक्त त्याच घोड्यांना विश्रांतीही मिळालेली असते, ठरवून दिलेलं चालणंही असतं, तेव्हा गुण कशाचा हे सुटं करून सांगणं अवघड. ज्या तबेल्यांत तुमच्या साहेबांनी पट्टे पाहिले असतील तिथे घोड्याला स्वतःचा मोतद्दार (देखभालीचा माणूस) असतो, मऊ वाळू असते आणि वर्षभर बसवून खायला घालायची मालकाची ऐपत असते. दिवा या सगळ्यानंतर येतो. माझा राग दिव्यावर नाहीच, तो रजेच्या बदल्यात विकला जातो यावर आहे.

तुम्ही करायचं ते असं. सूज नव्याने आली असेल तेव्हा पहिले दोन दिवस गार पाण्याची धार, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग कापसाचा जाड थर देऊन वर सारख्या दाबाची पट्टी. नुसतं फडकं आवळून बांधलंत तर तेच शिरेत रुतेल. वेदनाशामक डॉक्टरांच्या हातून. माणसांच्या दुकानातलं डायक्लोफिनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी ते आपल्याकडे 2006 पासून बंद आहे, आपली गिधाडं त्यानेच संपवली. आणि कुठलंही वेदनाशामक देऊन घोडा सवारीला काढू नका, दुखत नाही म्हणून तो पूर्ण भार टाकेल आणि उरलेली शीर जाईल. पुढे सोनोग्राफी सांगेल त्याप्रमाणे हाताने धरून सपाटीवर पाच-दहा मिनिटं चालवणं, ते आठवड्या-आठवड्याने वाढवणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. चंदी कमी करा, नाहीतर उभ्या-उभ्या हरभरा खाऊन वेगळंच दुखणं यायचं. मे महिन्यात हा घोडा नाही असं धरूनच पैशांचा हिशेब मांडा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण पट्टा घेऊनही हिशेब तोच राहणार आहे.

प्रश्न : हे लाल दिवे, चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी सगळं एकाच माळेचे मणी नाहीत का? तुमच्यासारख्या डॉक्टरांनी तरी याला थारा देऊ नये. (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : नाहीत, सर. 1967 साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी केस काढलेल्या उंदरांच्या पाठीवर लेझरचा सौम्य उजेड टाकला. लेझरने कर्करोग होतो का हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही, केस मात्र लवकर उगवले. तिथून हा अभ्यास सुरू झाला. माणसांत याचा सर्वांत भक्कम पुरावा कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं त्यावर आहे, आणि तिथे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला जागा आहे. घोड्यांत चित्र फिकं आहे. जखमांवरच्या काही प्रयोगांत फरक दिसला, काहींत उजेड दिलेली आणि न दिलेली जखम सारख्याच वेगाने भरली. तेव्हा थोतांड म्हणू नका आणि रामबाण तर मुळीच म्हणू नका. चुंबकांबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही.

प्रश्न : आमचा पोल्ट्रीचा धंदा आहे, शिवाय हौसेने दोन काठेवाडी घोड्या ठेवल्या आहेत. पिल्लांना ऊब द्यायचे 250 वॅटचे लाल बल्ब पडून आहेत. थंडीत घोडीची पाठ आखडते तेव्हा तेच तबेल्यात टांगले तर चालतील ना? दोन्ही अवरक्तच आहेत. (फलटण)

उत्तर : नाही चालणार, आणि टांगले असतील तर हे वाचून होताच काढा. तो बल्ब उजेडासाठी नसून उष्णतेसाठी आहे. काच लाल आहे म्हणून उजेड लाल दिसतो, बाकी बहुतेक ऊर्जा लांब तरंगांची, जी कातडी तापवते आणि तिथेच संपते. आखडलेल्या पाठीला शेक म्हणून तो थोडा सुखावह वाटेल, पण शेकच द्यायचा तर गरम पाण्यात पिळलेलं गोणपाट आणि वर घोंगडी पुरते.

काढा म्हणते त्याचं खरं कारण वेगळं आहे. पिल्लांच्या शेडमध्ये तो बल्ब साखळीला ठरावीक उंचीवर असतो आणि पिल्लू मान उंचावून त्याला धक्का देत नाही. घोडी देते. खाली कडबा, वर जाळी-जळमटं, भिंतीत उंदरांनी कुरतडलेली वायर, आणि रात्री तबेल्यात माणूस नाही. एवढं जमल्यावर आगीला आणखी काय हवं? आखडणं रोजचंच असेल तर खोगिराचा गादीचा भाग उलटा करून बघा, कुठे गाठ झाली आहे का, दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या आहेत का. माझ्या अनुभवात काठेवाडीच्या पाठीचं दुखणं निम्म्या वेळा खोगिरात असतं आणि मालक त्याचा इलाज घोडीवर करत असतो.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात रायडिंग शिकते. तिच्या पांढऱ्या घोड्यासाठी आम्ही एलईडीचं पॅनल मागवलं. घोडा सतरा वर्षांचा आहे. पेटीवर 100 वॅट लिहिलंय आणि सोबतच्या कागदावर रोज अर्धा तास दोन वेळा असं आहे. एवढं द्यायचं का? आणि पॅनलमधले अर्धे दिवे लागतच नाहीत, परत करू का? शेपटीखाली दोन-तीन काळ्या गाठी आहेत, त्यांच्यावरही उजेड देत आहोत.

उत्तर : ताई, शेवटापासून सुरुवात करते. गाठींवर उजेड देणं आजच थांबवा. पांढरा होत गेलेल्या घोड्याच्या शेपटीखाली, गुदद्वाराशी अशा काळ्या, टणक गाठी आल्या तर त्या बहुतेक मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या गाठी, असतात. पंधरा वर्षांवरच्या अशा घोड्यांत त्या इतक्या सर्रास दिसतात, की दिसल्या म्हणून घाबरून जाऊ नका, पुष्कळ घोडे त्यांच्यासकट वर्षानुवर्षं चालतात. पण पेशींना चेतवणारी कुठलीही गोष्ट गाठीवर नको. डॉक्टरांना दाखवा, मोबाइलवर फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, म्हणजे दोन महिन्यांनी वाढ किती झाली ते कळेल. गाभण घोडीचं पोट आणि कुठल्याही घोड्याचे डोळे, तिथेही उजेड नको. लेझर वापरत असाल तर घोड्याचे डोळे झाकून तुम्हीही चष्मा लावायचा.

न लागणारे दिवे बहुधा लागलेलेच आहेत. ते 850 नॅनोमीटरचे असणार, डोळ्यांना दिसत नाहीत. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्यांच्याकडे वळवा, पडद्यावर जांभळट ठिपके दिसले की दिवे चालू आहेत. सेल्फीचा म्हणते, कारण मागच्या चांगल्या कॅमेऱ्यात पुष्कळदा अवरक्त गाळणारी काच असते.

100 वॅट हा वीज खाण्याचा आकडा. त्यातून घोड्याला किती मिळतं हे त्यावरून कळत नाही. विक्रेत्याला विचारा, की पॅनल जिथे धरायचं त्या अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट पडतात. समजा उत्तर आलं 25. तर 160 सेकंदांत दर चौरस सेंटीमीटरला 4 ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) झाले, वरवरच्या जखमेला साधारण एवढेच देतात. शिरेसारख्या जरा खोल जागेला 8 म्हटले तर 320 सेकंद, म्हणजे साधारण सव्वापाच मिनिटं. अर्ध्या तासात 45 ज्यूल होतील. या उपचारात जास्त उजेड म्हणजे जास्त गुण असं नसतं. एका मर्यादेपुढे परिणाम थांबतो आणि उलटाही फिरतो, पेशींवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलेलं आहे. पॅनल लांब धरलंत तर आकडा झपाट्याने उतरतो, म्हणून अंतर ठरवून घ्या, हात दुखतो म्हणून रोज वेगळं नको. विक्रेता आकडा सांगू शकला नाही तर पॅनल परत करायला ते कारण पुरेसं आहे.

देण्याआधी जागा स्वच्छ हवी. चिखल, तेल, कापराचं मलम काही नको. केस दाट असतील तर तेवढ्या जागेचे बारीक कातरून घ्या, त्याने पोचणाऱ्या उजेडात खरा फरक पडतो. आणि घोडा पांढरा दिसला तरी त्याची कातडी खाली काळीच असते, ती उजेड शोषून तापते. एलईडीने सहसा भाजत नाही, पण जोरदार लेझर एका जागी धरून ठेवला तर भाजू शकतो, ते यंत्र शिकलेल्या माणसाच्याच हातात असावं. पॅनलची वायर घोड्याच्या तोंडाच्या टप्प्यात नको आणि पाय धुतलेल्या ओल्या फरशीवर तर यंत्र लावूच नका. आपल्याला नुसता झिणझिणी आणणारा करंट घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

मुलगी पॅनल धरून घोड्याजवळ उभी असते तेव्हा तिला रोज त्याचे चारही पाय चाचपायला सांगा. सतराव्या वर्षी त्याचा त्याला जास्त उपयोग आहे.

प्रश्न : वरातीची घोडी आहे. पुढचे दोन्ही खूर गरम लागतात, पुढे पाय टाकून मागे रेलून उभी राहते, वळताना कण्हते. खुराला लाल दिवा लावला तर? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : खुराची भिंत जाड शिंगाची. तिच्यातून उजेड आत जाईल ही आशा सोडा. तुम्ही लिहिलेली लक्षणं लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतला थर सुजण्याची, आहेत आणि ती तातडीची बाब आहे. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायची नव्हतीच, म्हणून यांना फोनवर सांगितलं. इतरांसाठी इथे देते : दोन्ही खूर बर्फाच्या पाण्यात, पहिले दोन-तीन दिवस होता होईल तितका वेळ. खाली वाळू किंवा भुशाचा जाड थर. धान्य पूर्ण बंद, वाळलेलं गवत चालू. डॉक्टर त्याच दिवशी. लग्नघरच्या माणसांनी कौतुकाने घोडीला लाडू, पुरणपोळी, भिजवलेली डाळ परातभर घालू नये हे बँडवाल्यांनाही सांगून ठेवा, कारण या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते.

प्रश्न : मागच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेतली. पावसाळ्यात मागच्या पायाला आतून जखमा झाल्या, भरतात आणि पुन्हा फुटतात. एक जखम मांस वाढून वर आलेली. मलमं झाली, हळद झाली. लाल दिव्याने जखम भरते असं वाचलं, नाशिकहून मागवू का? यंदा दत्तजयंतीला घोडी परत यात्रेला न्यायची आहे. (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : दादा, दिवा मागवू नका आणि घोडी यात्रेला नेऊ नका. दोन्हींची कारणं सांगते.

पावसाळ्यात फुटणाऱ्या आणि थंडीत आपोआप सुकणाऱ्या जखमांना आपल्याकडे बरसाती म्हणतात. माश्या ओल्या जखमेवर बसतात, त्यांच्यातून जंतांच्या अळ्या जखमेत शिरतात आणि तिथेच अडकून राहतात. जखम पिळली तर तांदळाच्या कणीसारखे पिवळट खडे निघतात. अळ्या मारायला आयव्हरमेक्टिन लागतं, माश्या हटवाव्या लागतात. घोडी साचलेल्या पाण्यात उभी राहत असेल तर बुरशीसारखा आणखी एक चिवट रोग अशाच जखमा करतो, त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. उजेड यातलं काहीच मारत नाही. वाढलेल्या मांसाचं तर सरळ आहे : घोड्याच्या पायाच्या जखमेत मांस आधीच गरजेपेक्षा जोरात वाढतं, ते डॉक्टरांकडून छाटून, वर दाबाची पट्टी बांधून आटोक्यात ठेवायचं असतं. त्याला आणखी चेतवायचं कशाला? आणि धनुर्वाताची लस झालेली नसेल तर ती आधी. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं दुसरं कुणी नाही.

पण मला यापेक्षा जास्त काळजी ‘मागच्या पायाला आतून’ आणि ‘फुटतात’ या तुमच्या शब्दांनी लावली. त्या जखमा एका ओळीत आहेत का, मांडीच्या आतल्या बाजूने दोरीला गाठी माराव्यात तशा वर चढत गेल्या आहेत का? फुटल्यावर तेलकट, मधासारखा चिकट पू येतो का? नाकातून, विशेषतः एकाच नाकपुडीतून शेंबूड येतो का? ताप, खंगणं? असेल तर तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना सरकारी डॉक्टर घेतात, तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग निघाला तर उपचार करत नाहीत, घोडी वेदनारहित पद्धतीने मारावी लागते, मालकाला सरकारी नुकसानभरपाई मिळते. या भीतीने लोक जखमा लपवतात, वर हळद थापून घोडी पुढच्या बाजारात विकतात. तुम्ही सरळ प्रश्न विचारलात, म्हणून तुम्हाला सरळच सांगते.

बहुधा ती बरसातीच निघेल. तरी अहवाल येईपर्यंत घोडी वेगळी बांधा. तिची बादली, खरारा, खोगीर, झूल दुसऱ्या घोड्याला लावू नका. जखम धुताना हातमोजे घाला, नाका-तोंडावर फडकं बांधा, पोरांना तिच्याजवळ जाऊ देऊ नका. उद्या सकाळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ‘जखम भरत नाही’ एवढंच न सांगता ‘ग्लँडर्सची तपासणी करून हवी’ असं स्पष्ट म्हणा. घोडी जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून घेतली त्यांचा नंबर असेल तर तोही सोबत न्या, त्यांच्याकडच्या घोड्यांचीही तपासणी लागेल.